ताळा जुळेपर्यंत

यादीत एकेचाळीस कामं होती. चाळीस कामांपुढे 'ग्राह्य' असा शेरा होता आणि एकापुढे 'अवैध'. संगणक बंद पडला नव्हता, पडदा निळा झाला नव्हता, पंख्याचा आवाजही रोजचाच होता. माझ्या यंत्राने कित्येक तास खपून एक गणित केलं आणि ते चुकीचं केलं, एवढंच ती ओळ सांगत होती.

मी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं हिशेब जुळवण्यात गेली. सगळं संगणकावर येण्याआधी संध्याकाळी कीर्द जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे. एकदा नव्वद पैशांच्या फरकासाठी आम्ही चौघं रात्री सव्वानऊपर्यंत बसलो होतो. नव्वद पैसे कुणीही खिशातून टाकले असते. पण दिसणारा फरक नव्वद पैशांचा आहे म्हणून चूकही तेवढीच असेल, असं हिशेबात धरता येत नाही. दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकतात आणि वर नव्वद पैसे तेवढे दिसत राहतात. त्यामुळे एकेचाळिसात एक चूक हे वाचून मला 'चालायचंच' म्हणवेना.

संगणक माझ्या भाच्याचा. त्याने तो स्वतः सुटे भाग आणून जुळवला, आणि २०२१ साली शिकायला जर्मनीला गेला तेव्हा जळगावला माझ्याकडे ठेवला. जाताना म्हणाला, "मावशी, नुसता झाकून ठेवू नकोस, मी याला चांगलं काम लावून देतो." ते काम म्हणजे जगभरच्या सामान्य माणसांनी आपापल्या संगणकाचा रिकामा वेळ विज्ञानाला देणं. एखाद्या संशोधन संस्थेपुढे प्रचंड मोठं गणित असतं. त्याचे लाखो तुकडे करून ते घरोघरच्या संगणकांना वाटतात, प्रत्येक यंत्र आपला तुकडा सोडवतं आणि उत्तर परत पाठवतं. १९९९ च्या मे महिन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने 'सेटी अ‍ॅट होम' सुरू केलं तेव्हा ही कल्पना घराघरांत पोचली. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या नोंदींमध्ये परग्रहावरचा संदेश सापडतो का, हे लाखो लोकांचे संगणक शोधत होते. त्या प्रकल्पाने २०२० च्या मार्चअखेर नवे तुकडे वाटणं थांबवलं, पण त्याच मंडळींनी तयार केलेली 'बॉइंक' ही व्यवस्था आजही अनेक प्रकल्प चालवते.

माझ्याकडे दोन कामं आहेत. काही दिवस एक, काही दिवस दुसरं. पहिलं 'आइनस्टाइन अ‍ॅट होम'. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांच्या आणि दुर्बिणींच्या नोंदींमधून फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या खुणा शोधायच्या. तशीच एक लायगो वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभी राहणार आहे, म्हणून या कामाची मला विशेष ओढ. दुसरं काम 'गिम्प्स', म्हणजे मर्सेन मूळ संख्यांचा शोध. २ चा कुठलातरी घात घ्यायचा, त्यातून १ वजा करायचा आणि उरलेली संख्या मूळ आहे का ते तपासायचं. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये हे सुरू केलं. २०२४ च्या ऑक्टोबरात सापडलेली सर्वांत मोठी मूळ संख्या याच शोधातली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १. लिहायला बसलं तर तिचे अंक ४,१०,२४,३२० भरतात.

'अवैध' शेरा कुणी दिला, तर दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकाने. आइनस्टाइनचा प्रत्येक तुकडा निदान दोन घरी जातो. दोन्ही उत्तरं जुळली तर ग्राह्य, नाही जुळली तर तिसऱ्या घरी, आणि जो एकटा पडेल तो अवैध. २०१० च्या ऑगस्टमध्ये या प्रकल्पाने एक नवा पल्सार, म्हणजे असाच एक फिरता न्यूट्रॉन तारा, सापडल्याचं जाहीर केलं. सेकंदाला ४१ वेळा स्वतःभोवती फिरणारा. तेव्हा श्रेय आयोवातल्या एम्स गावच्या ख्रिस आणि हेलन कॉल्विन या दांपत्याला आणि जर्मनीतल्या माइन्झच्या डॅनिएल गेबहार्ट यांना असं दोन घरांना मिळालं, कारण तोच तुकडा दोन्ही घरच्या यंत्रांनी सोडवला होता. आता उलटं पाहा. माझं यंत्र चुकलं की कुठल्यातरी देशातल्या तिसऱ्या माणसाची वीज आणि वेळ माझी चूक निस्तरण्यात जातात. त्याला हे कळतही नाही. मला हे फार लागलं.

भाच्याला फोन केला. आमचे रात्रीचे साडेदहा, त्याचे सात. तो म्हणाला, "मावशी, अगं दोन वर्षं गेम खेळलो यावर, एकदा अडकला नाही."

"गेममध्ये एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा आला असता, तर तुला कळलं असतं का रे?"

थोडा वेळ थांबून म्हणाला, "नाही. पण मावशी, तो छापील वेगावर नाहीये. मी ४ चा ४.६ केलाय. थोडं व्होल्टेज वाढवून बघ."

तेव्हा मला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणजे काय ते नीट समजून घ्यावं लागलं. प्रोसेसरमध्ये एक घड्याळ असतं. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. दोन ठोक्यांमधलं अंतर पाव नॅनोसेकंद, आणि तेवढ्यात प्रकाशसुद्धा साडेसात सेंटिमीटरच जातो. या अवधीत विजेचा संकेत ट्रान्झिस्टरांच्या रांगेतून पलीकडे पोचून स्थिर व्हायला हवा. पुढचा ठोका पडला की तिथे जे असेल ते उत्तर म्हणून नोंदलं जातं. उत्तर अजून वाटेत असेल, तर अर्धवट जे काही असेल तेच कायम होतं. छापील वेग ठरवताना कंपनी सवड ठेवते. उन्हाळ्यासाठी, धुळीसाठी, विजेच्या चढउतारासाठी, चिप जुनी होत जाते त्यासाठी. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचं, त्याचा गुणक ४० असतो तो ४६ केला की ही सवड संपत येते.

व्होल्टेज वाढवलं की संकेत लवकर स्थिर होतात, म्हणून वेग वाढवणारे व्होल्टेजही वाढवतात. पण उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. भाच्याने १.२० चं १.३४ केलं होतं. मी कागदावर गुणाकार केला. वेग १५ टक्के जास्त, उष्णता ४३ टक्के जास्त. आणि चिप तापली की संकेत पुन्हा मंदावतात. थंडीत जे जमतं ते जळगावच्या एप्रिलमध्ये जमेलच असं नाही.

व्होल्टेज वाढवायला मी नकार दिला. बँकेत फरक सापडला नाही की तो 'सस्पेन्स' खात्यात टाकून घरी जायची काहींची सवय असे. कारण न कळता व्होल्टेज वाढवणं मला तसंच वाटलं.

आधी मी प्राइम९५ ची जुनी नोंद उघडली. गिम्प्सचं गणित हा प्रोग्रॅम करतो. त्यात गेल्या आठवड्यात तीन ठिकाणी लिहिलेलं होतं की ताळा जुळला नाही, म्हणून मागच्या बरोबर टप्प्यावर परत जात आहे. वेळा पाहिल्या. दुपारी १.४०, ३.०५, ४.२०. तिन्ही भर उन्हातल्या. मी रोज तो संगणक पुसत होते, त्याच्यापुढे बसत होते, आणि ही नोंद एकदाही उघडली नव्हती.

इथे त्या ताळ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण मला यातलं सगळ्यांत आवडलेलं तेच आहे. आपल्याला शाळेत नवाचा ताळा शिकवत. ३४ गुणिले ५२ बरोबर १७६८. ३ आणि ४ सात, ५ आणि २ सात, साती साती ४९, त्याचे १३, त्याचे ४. उत्तराच्या अंकांची बेरीज २२, त्याचेही ४. जुळलं. पूर्ण गुणाकार पुन्हा न करता तो तपासायची ही युक्ती. पण तिला एक चूक दिसत नाही. १७६८ च्या जागी १७८६ लिहिलं तरी ताळा जुळतो, कारण अंक तेच आहेत. गंमत अशी की बँकेत हाच नऊ आम्हाला उपयोगी पडे. फरकाला नवाने भाग गेला की समजायचं, कुणीतरी ५४० चे ४५० लिहिलेत. शोध मग निम्म्यावर येई.

माझ्याकडे आलेल्या गिम्प्सच्या गणितात घातांक ११ कोटींच्या घरात होता, म्हणजे एका प्रचंड संख्येचा वर्ग करत करत ११ कोटी पायऱ्या चढायच्या. प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या उत्तरावर उभी. तिसऱ्या दिवशी दुपारी एक हातचा चुकला, तर पुढचे पाच दिवस पाण्यात. पूर्वी अशी चूक कळायला दुसऱ्या कुणीतरी तेच अख्खं गणित पुन्हा करायला लागे, आणि कधी कधी त्याला वर्षं जात. २०१७ साली हंगेरीच्या रॉबर्ट गेर्बिट्झ यांनी यासाठी ताळा शोधून काढला. वाटेतल्या काही उत्तरांचा गुणाकार बाजूला जपत जायचा आणि साधारण दर दहा लाख पायऱ्यांनी तो दुसऱ्या वाटेने पडताळायचा. नवाच्या ताळ्यातून निसटतात तशा चुका यातून जवळजवळ निसटत नाहीत, आणि त्यासाठी जास्तीचं काम नगण्य. चूक निघाली तर शेवटच्या खात्रीच्या पायरीवर परत. माझ्या यंत्राच्या दुपारच्या तीन चुका या माणसाच्या युक्तीने पकडल्या. आइनस्टाइनच्या तुकड्याला असं आतलं रक्षण नव्हतं, म्हणून तिथली चूक थेट दुसऱ्याच्या दारात गेली.

घरोघरच्या संगणकांवर चालणाऱ्या ऑक्सफर्डच्या हवामान प्रकल्पातही असाच एक निसर्गाचा ताळा आहे. तिथे एकेक प्रतिकृती आठवडेच्या आठवडे चालते, आणि आकडे बिघडले की कुठेतरी हवेचा दाब शून्याच्या खाली जातो. असा दाब पृथ्वीवर असू शकत नाही, म्हणून प्रोग्रॅम तिथेच थांबतो. कधी दोष प्रतिकृतीचाच असतो, कधी यंत्राचा.

मी वही घातली. रकाने आखले. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, चिपचं तापमान, काय बदललं, किती तास चाललं, कुठे चुकलं. बायोसच्या, म्हणजे वेग आणि व्होल्टेज जिथे ठरतं त्या मूळ मांडणीच्या, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मग सगळं मूळ जागी नेलं. प्रोसेसर ४ वर, मेमरी २१३३ वर. सहा दिवस, दुपारी खोली ३८ अंशांवर असतानाही, एकही चूक नाही. म्हणजे यंत्र मुळात निरोगी आहे आणि दोष आपण केलेल्या बदलांमध्ये आहे. हे आधी ठरल्याशिवाय पुढचा कुठलाही प्रयोग करण्यात अर्थ नसतो. पुष्कळ लोक इथेच घाई करतात. एकदम तीन गोष्टी बदलतात आणि यंत्र सुधारलं तरी कशामुळे सुधारलं ते त्यांना कळत नाही.

पुढचे दिवस एका वेळी एकच बदल. पहिल्यांदा फक्त प्रोसेसर ४.६ वर, मेमरी मूळ. प्राइम९५ मध्ये एक छळ-चाचणी असते. तिच्या छोट्या प्रकारात आकडेमोड प्रोसेसरच्या आतच राहते आणि चिप जास्तीत जास्त तापते. सिनेमा किंवा गेम प्रोसेसरचे सगळे रस्ते एकदम वापरत नाहीत. ही चाचणी सगळ्यांत रुंद रस्त्यांवरून सगळी गर्दी एकाच वेळी सोडते. रात्री खोली ३१ अंश, चिप ८४, आठ तास निर्वेध. दुसऱ्या दिवशी दुपारी खोली ३८, चिप ९३, आणि चाळिसाव्या मिनिटाला तिसऱ्या क्रमांकाचं काम थांबलं. संदेश होता की पूर्णांकापासूनचं अंतर ०.५ आलं, ते ०.४ पेक्षा कमी हवं होतं.

हा संदेश मला पाठ झाला आहे. इतक्या मोठ्या संख्यांचा गुणाकार करताना प्रोग्रॅम दशांश अपूर्णांकांच्या वाटेने जातो, पण शेवटी प्रत्येक उत्तर पूर्णांकच यायला हवं. ७.०२ आलं तर ते ७ आहे हे उघड आहे. ७.५ आलं तर ७ की ८? तिथे प्रोग्रॅम थांबतो आणि हे उत्तर यंत्राने बिघडवलं आहे असं सांगतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. पुन्हा तिसरंच काम, पंचावन्नाव्या मिनिटाला. प्रत्येक काम प्रोसेसरमधल्या एकेका गणकावर, कोअरवर, बांधलेलं असतं, म्हणजे चार कोअरांपैकी तिसरा सर्वांत कच्चा. चूक कुठे होते यावरून ती कुणाची हे कळतं. बँकेत अक्षरावरून कळायचं, इथे क्रमांकावरून.

मग नेहमीच्या दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांमागे, धातूच्या पट्ट्यांत, केळीच्या बागांच्या वाटेवरची चार वर्षांची धूळ नमद्यासारखी बसली होती. उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. त्याने दोन्ही साफ करून नवीन पेस्ट लावली. दुपारचं तापमान ९३ वरून ८६ वर आलं. ४.६ वर चाचणी आता चाळीस मिनिटांऐवजी तीन तास टिकली आणि मग पुन्हा तिसऱ्या कोअरवर पडली. धूळ दोषात भागीदार होती, मालक नव्हती. गुणक ४४ केल्यावर पूर्ण दिवस-रात्र टिकली.

यात एक आडवाट लागली आणि तिने माझे चार दिवस घेतले. एका दुपारी संगणक एकदम बंद होऊन पुन्हा सुरू झाला. विंडोजच्या नोंदीत ४१ क्रमांकाची घटना होती. मी तिच्यामागे लागले. त्या क्रमांकाचा अर्थ इतकाच असतो की यंत्र रीतसर बंद न होता वीज गेल्यासारखं बंद झालं. गणित चुकण्याची खूण वेगळी असते, ती इथे नव्हती. शेवटी लक्षात आलं की खोलीतल्या कूलरची मोटर सुरू होताना दिवे क्षणभर मंद होतात आणि त्याच क्षणी हे घडतं. यूपीएसची बॅटरी वारली होती. बॅटरी बदलली, प्रश्न मिटला. कूलर मात्र मी तेव्हापासून संगणकाच्या समोर ठेवत नाही. ओल्या गवताच्या जाळीतून येणारी दमट हवा माणसाला बरी, पट्ट्यांवरच्या धुळीचा ती चिखल करते.

दुसरा संशयित मेमरी. तिच्या खोक्यावर ३२०० छापलेलं आहे, म्हणून भाचा तिला दोषी मानायला तयार नव्हता. पण ३२०० हा तिचा तयार 'प्रोफाइल'चा वेग. प्रोफाइल बंद असताना ती आपसूक २१३३ वर चालते. प्रोफाइल चालू केला की मेमरीला आणि प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाला जास्त ताण सोसावा लागतो, आणि खोक्यावरचा आकडा त्या दुसऱ्या भागाबद्दल काहीच हमी देत नाही. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं. चार फेऱ्या, चुका शून्य. मी सुटकेचा श्वास टाकला. मग दुपारी प्राइम९५ ची मिश्र चाचणी लावली, जी प्रोसेसर आणि मेमरी दोघांनाही राबवते. पाच तासांनी चूक. मेमटेस्टने खोटं सांगितलं नव्हतं. त्याने थंड रात्री, प्रोसेसर गार असताना मेमरी तपासली होती आणि तेवढ्यापुरतं उत्तर खरं होतं. वेग २९३३ वर आणला, मिश्र चाचणी दुपार-रात्र धरून चोवीस तास निभावली.

म्हणजे दोष दोन होते आणि दोन्ही उन्हाच्या आड उभे होते. एकच शोधून मी थांबले असते तर चुका कमी झाल्या असत्या, संपल्या नसत्या.

याच सुमाराला मी थॉमस नाइसली यांच्याबद्दल वाचलं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात ते गणित शिकवत. जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज ते अनेक संगणकांवर करत होते. १९९४ च्या जूनमध्ये त्यांची उत्तरं जुळेनात. त्यांनी आपला प्रोग्रॅम तपासला, तो यंत्राच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर तपासलं, मदरबोर्ड तपासले, दुसऱ्या यंत्रांवर तेच गणित केलं. एकेक संशयित निर्दोष ठरत गेला आणि ऑक्टोबरमध्ये उरला फक्त नवा पेंटियम प्रोसेसर. ८,२४,६३,३७,०२,४४१ या संख्येने १ ला भागलं की तो चुकत होता. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या कोष्टकातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. त्या प्रकरणात इंटेलला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. त्या चिपचा वेग कुणी वाढवला नव्हता. २०१६ च्या जानेवारीतही असंच झालं. मूळ संख्या शोधणाऱ्या हौशी लोकांना प्राइम९५ मधला एक ठरावीक घातांक नव्या स्कायलेक प्रोसेसरांना गोठवतो असं आढळलं, इंटेलने ते मान्य केलं आणि बायोसमधून दुरुस्ती दिली. मूळ संख्यांचा काय उपयोग, असं मला सोसायटीत विचारतात. यंत्राला खरं बोलायला लावायला त्यांच्याइतकं कठोर काही मला माहीत नाही.

नाइसलींची चार महिन्यांची वाट वाचून मला माझ्या पाच आठवड्यांचं ओझं वाटेनासं झालं.

शेवटी वेगाचा हिशेब. एका पायरीला किती वेळ लागतो हे प्राइम९५ सतत दाखवतो. मेमरी २१३३ वर होती तेव्हा ८.१ मिलिसेकंद, २९३३ वर ६.७, ३२०० वर ६.४. म्हणजे ११ कोटी पायऱ्यांना अनुक्रमे सव्वादहा दिवस, साडेआठ दिवस आणि आठ दिवसांहून थोडा जास्त वेळ. मेमरी वाढवण्यात खरा लाभ आहे, पण शेवटच्या टप्प्यात फक्त नऊ तास वाचतात आणि त्यासाठी चुकांची जोखीम घ्यावी लागते. प्रोसेसरचं उत्तर तर मला अपेक्षितच नव्हतं. मेमरी २९३३ वर ठेवून ४ चा ४.६ केला तर ६.७ चे ६.५ झाले. तीन टक्के. हे गणित मेमरीतून आकडे येण्याची वाट पाहत थांबतं, त्यामुळे प्रोसेसर पुढे पळून उपयोग नाही. आइनस्टाइनच्या तुकड्यांना वाढीव वेगाचा फायदा जास्त होतो, पण तीन टक्क्यांसाठी किंवा दहा टक्क्यांसाठी ४३ टक्के उष्णता जळगावच्या घरात आणणं मला पटलं नाही. मी प्रोसेसर छापील वेगावर नेला. तिसऱ्या कोअरसाठी शोधून काढलेला ४४ चा आकडा वहीत आहे, तो मी वापरत नाही. चोवीस तासांची चाचणी चोवीस तासांबद्दल सांगते, आणि माझं एक गणित साडेआठ दिवसांचं असतं.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो थोडा हिरमुसला. ४.६ ही त्याच्या हौसेची कमाई होती आणि त्यात वाईट काही नाही. गेमसाठी, किंवा नुसतं यंत्र किती पळतं हे पाहण्यासाठी वेग जरूर वाढवावा. दुसऱ्याच्या विज्ञानात आपलं उत्तर मिसळायचं असेल तेव्हा वाढवू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. त्याने सगळी वही फोटो काढून मागवून घेतली. पंधरा दिवसांनी फोन आला, "मावशी, इथल्या माझ्या संगणकावर पण मेमरीच निघाली."

आता एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत दुपारी बारा ते पाच मी काम थांबवते. बॉइंकमध्ये वेळ ठरवून देता येते. पंख्याच्या पट्ट्या दर दिवाळीला आणि होळीला साफ होतात. त्यानंतर आइनस्टाइनच्या ६१२ तुकड्यांत एकही अवैध नाही. गिम्प्सचं शेवटचं गणित गेल्या मंगळवारी पहाटे संपलं. ती संख्या मूळ नाही, संयुक्त आहे, आणि वाटेत एकदाही ताळा चुकला नाही.

तुमच्या घरी असा राबणारा संगणक असेल, तर आज रात्री आपल्या खात्यातली कामांची यादी उघडा आणि 'अवैध' हा रकाना पाहा. तिथे एक जरी ओळ दिसली तरी आधी बायोसचे फोटो काढा, सगळं मूळ जागी न्या, आणि एक वही घाला.